चौसष्टपैकी चौसष्ट

३ फेब्रुवारी

मामा,

अक्षर ओळखशील की नाही याची धाकधूक आहे, कारण गेल्या अकरा वर्षांत मी तुला एक ओळही लिहिलेली नाही. फोनच करणार होते, पण तुझे कान आता फोनला दाद देत नाहीत असं कळलं. म्हणून कागद.

काम असं आहे. मी ज्या कंपनीत आहे तिला तुमच्या इस्पितळाचं काम मिळालंय. तेच इस्पितळ, जिथे तू संगणकांवर आणि आई औषधांच्या खिडकीवर होती. तू उभा केलेला डेटाबेस तिथे अजून चालतो, त्याच राखाडी फॉर्मांवर, त्याच कुरकुरणाऱ्या संगणकांवर. ३१ मार्चला तो बंद होईल आणि सगळ्या नोंदी नव्या यंत्रणेत जातील. त्याआधी जुनं नीट समजून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली. मी मागून घेतली नव्हती, पण नाहीही म्हणाले नाही.

औषधं देण्याचे चौसष्ट फॉर्म आहेत, प्रत्येक वॉर्डाचा आणि प्रत्येक खिडकीचा वेगळा. प्रत्येकात औषधाच्या चौकटीला जोडलेला कोड तंतोतंत सारखा आहे. माणसाने चौसष्ट वेळा लिहिलं असतं तर कुठेतरी एखादी जागा सुटली असती, एखादा शब्द वेगळा पडला असता. तू हा कोड दुसऱ्या प्रोग्रामकडून लिहवून घेतलास का? घेतला असशील तर कसा, ते जरा सविस्तर सांगशील? तो लिहिणारा प्रोग्राम मला कुठेच सापडत नाही.

आई बरी आहे. मी तुला लिहितेय हे तिला ठाऊक नाही.

टिचकी
(सही करताना हेच नाव हाताशी आलं.)


९ फेब्रुवारी

टिचकीबाई,

अक्षर कसं विसरेन? मीच गिरवून घेतलेलं अक्षर ते. पाकीट आलं आणि अर्धा दिवस फोडलंच नाही, नुसतं टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी स्वतःलाच म्हटलं, म्हाताऱ्या, वाचल्याशिवाय उत्तर काय लिहिणार आहेस.

ताईनेच तुला लिहायला लावलं असेल असं माझं मन म्हणतं. तू नाही म्हणतेस, पण तुला मी फ्रॉकात असल्यापासून ओळखतो, तुझ्या पोटात काही राहत नाही. माझ्या टेबलाखाली बसून दिसेल त्या बटणावर टिचकी मारणारी तू, आणि नासधूस झाली की पहिली सांगायला येणारीही तूच. तेव्हा ताईने विचारलं असेल तर तिला सांग, मी कधीचा वाट बघतोय.

आता तुझा प्रश्न. तुला हे येतं, पण सांगताना मला बरं वाटतं, तेव्हा ऐकून घे. फॉर्मवर काहीतरी घडतं. कुणी बटण दाबतं, कुणी चौकटीत शब्द भरून पुढे सरकतं. घडलं, की त्या घटनेला जोडलेला कोड चालतो. औषधाच्या चौकटीत नाव भरलं की आपल्या कोडने रुग्णाची नोंद उघडायची, त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायचं, आणि जुळलं तर पडद्यावर लाल पाटी आणायची: थांबा, हे औषध देऊ नका. बावीस ओळींचं काम. पण फॉर्म चौसष्ट, आणि हाताने लिहायचं म्हणजे चौसष्ट ठिकाणी चुकण्याची सोय. माझा माणसाच्या हातावर कधीच विश्वास नव्हता, माझ्या तर नव्हताच नव्हता.

म्हणून मी लिहिणाराच लिहिला. तो एकेक फॉर्म मांडणीच्या अवस्थेत, म्हणजे भरायला नव्हे तर बदलायला, उघडायचा, औषधाची चौकट शोधायचा, तिच्या घटनेच्या नावाखाली बावीस ओळी ओतायचा आणि मग चौकटीच्या गुणधर्मांत खूण करायचा की या घटनेसाठी कोड आहे, तो चालव. जतन करायचा आणि पुढच्या फॉर्मकडे वळायचा. चहा गार व्हायच्या आत चौसष्ट फॉर्म तयार.

एक खोड मात्र काढावी लागली. दुसऱ्यांदा चालवला की तो तोच कोड दुसऱ्यांदा लिहायचा, आणि सगळं अडून बसायचं. मग मी अट घातली: कोड आधीच असेल तर हात लावू नकोस, तयार समज आणि पुढे जा. जुन्या फॉर्मच्या जागी अधूनमधून नवा यायचा म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला चालवायचो. शेवटी अहवाल यायचा, चौसष्टपैकी चौसष्ट तयार. तरीही मी तेवढ्यावर थांबत नसे. शितावरून भाताची परीक्षा मला कधी पटली नाही. प्रत्येक फॉर्मचा कोड कागदावर छापायचा आणि पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचायचा. पडदा फसवेल, कागद फसवत नाही.

तो प्रोग्राम तुला सापडणार नाही, कारण निवृत्त होताना मी पुसून टाकला. घर बांधून झालं की परांची उतरवतात.

आणखी काय हवं ते विचार. तुझ्या निमित्ताने डोक्यातली धूळ झटकली गेली.

तुझा मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

आईने लिहायला लावलं नव्हतं. आणि माझ्या पोटात काही राहत नाही हेही आता खरं नाही. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा एक गोष्ट मला आधीच माहीत होती. ती तुझ्याकडून आपसूक कळते का हे बघायचं होतं. तुझं आनंदाचं पत्र वाचल्यावर त्याची लाज वाटली.

मी प्रत्येक फॉर्म उघडून अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाच्या नावावर औषध भरून बघितलं. त्रेसष्ट फॉर्मांत लाल पाटी आली. सदतिसाव्यात आली नाही. मी सात वेळा भरलं. सदतिसावा, म्हणजे मागच्या इमारतीतल्या खिडकीचा. आईच्या.

कोड तिथे आहे. बावीसच्या बावीस ओळी. पण चौकटीच्या गुणधर्मांतली ती खूण, कोड चालव असं सांगणारी, ती जागा रिकामी आहे. चौकटीला माहीतच नाही की तिच्यासाठी कोड लिहिलाय. आणि तुझा लिहिणारा दर महिन्याला यायचा, कोड आहे एवढंच बघायचा, तयार म्हणून मोजायचा आणि पुढे जायचा. छापलेल्या पानावर तर ती खूण दिसतच नाही, कारण ती कोडात नसते, फॉर्ममध्ये असते.

तू विसरला नसशील, पण मला एकदा सरळ लिहून काढायचंय. अकरा वर्षांपूर्वी आईच्या खिडकीतून चौतीस वर्षांच्या एका ट्रकचालकासाठी इंजेक्शन दिलं गेलं. पाय मोडला म्हणून आलेला माणूस. त्या औषधाची त्याला अ‍ॅलर्जी होती आणि तशी नोंदही होती. तासाभरात तो गेला. आई म्हणाली, लाल पाटी आलीच नाही. चौकशी समितीने तुला बोलावलं. तू चौसष्ट पानं घेऊन गेलास, सदतिसावं वर काढून ठेवलंस आणि म्हणालास, कोड जागच्या जागी आहे, पाटी आली असणारच. सख्खा भाऊच असं सांगतोय म्हटल्यावर समितीला आणखी काय हवं होतं? पाटी आली आणि तिने न वाचता बंद केली, असं ठरलं. आईला काढलं.

पुढचं तुला माहीत नाही. पहिली दोन वर्षं ती भांडत होती, अर्ज करत होती. मग गप्प झाली. आणि गेली काही वर्षं ती म्हणते, "आली असेल गं. घाईत होते, मीच बंद केली असेन." मामा, तिला आता ती पाटी आठवते. कोणत्या हाताने बंद केली तेसुद्धा आठवते. जी आलीच नाही ती पाटी. ती रोज सकाळी उठते आणि एका माणसाला आपण मारलं या जाणिवेने चहा ठेवते.

मी इस्पितळाच्या अधीक्षकांना भेटले. ते म्हणाले, माझ्या एकटीच्या सांगण्यावर जुनी फाइल उघडता येणार नाही, मी मुलगी आहे तिची. ज्यांनी साक्ष दिली त्यांनीच लिहून दिलं तर उघडतो. आणि तेही ३१ मार्चच्या आत, कारण त्यानंतर फॉर्म ३७ कुठेच चालवून दाखवता येणार नाही.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आल्यावर सांगेन. आशा दाखवून ती मोडली तर ते तिला झेपणार नाही.

टिचकी


१९ फेब्रुवारी

पत्र मिळालं.

मी ज्याला समेट समजत होतो तो सापळा होता तर. गोड बोलून मामाकडून सगळं काढून घेतलंस आणि मग त्याच्याच गळ्यात अडकवलंस. तरबेज झालीस हो.

अकरा वर्षांत त्या फॉर्मला किती हात लागले असतील याचा काही हिशोब आहे तुझ्याकडे? माझ्यानंतर तिघं आले. कुणी चौकट हलवली असेल, कुणी खूण पुसली असेल. आज काय दिसतं त्यावरून तेव्हा काय होतं हे कसं ठरणार? मी तेव्हा पान वाचलं होतं. माझ्या डोळ्यांनी, दोनदा.

आपलेच दात, आपलेच ओठ. समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी मी जेवलो नव्हतो. ताईने स्वतःचं शिक्षण सोडून मला शिकवलं, हे मला कुणी सांगायला नको. खोटं बोलून तिला वाचवणं सोपं होतं. नाही बोललो. त्याची शिक्षा मीही भोगलीच आहे, एकट्याने.

यावर पुन्हा लिहू नकोस.


२६ फेब्रुवारी

मामा,

एकदाच लिहिते, मग नाही.

त्या घटनेनंतर मागच्या इमारतीतली खिडकी बंद करून टाकली. फॉर्म ३७ त्यानंतर कुणी वापरलाच नाही. शिवाय चौकशी समितीने त्याच आठवड्यात अख्ख्या डेटाबेसची एक प्रत मोहोरबंद करून ठेवली होती. ती परवा अधीक्षकांनी समोर बसून उघडू दिली, पण फाइलसाठी त्यांना अजून तुझंच लेखी हवंय. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीची तारीख आहे. तिच्यातही ती जागा रिकामीच आहे.

तू खोटं बोललास असं मी कधीच म्हटलं नाही. त्रेसष्टांना खूण आहे आणि याच एकाला का नाही, हे मला खरंच कळत नाही. प्रोग्रामने तर सगळ्यांना सारखंच केलं असणार. फरक शोधायला मी फॉर्म ३७ शेजारच्या फॉर्मला लावून बघितला. एकच वेगळेपण आहे. त्याची औषधाची चौकट इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच आहे आणि अक्षरं मोठी आहेत. त्याचा याच्याशी काही संबंध असेल तर तो तुलाच माहीत.

टिचकी


१२ मार्च

पोरी,

दोन आठवडे लिहू शकलो नाही. तुझ्या पत्रातलं उंच चौकटीचं ते वाक्य मी वाचलं आणि विसरलेली एक दुपार आठवली.

ती चौकट मी मोठी केली होती. त्या माणसाच्या आधी तीन आठवडे. दुपारची सुट्टी होती, ताई वर माझ्या खोलीत आली होती, डबा हातात. म्हणाली, "अरे, माझ्या खिडकीत उजेड कमी आहे, मला ती नावं दिसत नाहीत. अक्षरं जरा मोठी करून दे ना." लिहिणाऱ्याला सांगून सगळ्या फॉर्मांची अक्षरं मोठी करता आली असती, पण त्याला एक दिवस लागला असता. म्हटलं, बहिणीचं काम, पाच मिनिटांत हाताने करतो. चौकट जागेवर नीट बसेना. मग ती मी कापली, फॉर्म थोडा सरकवला आणि तीच चौकट परत चिकटवली. दिसायला छान झाली. ताई म्हणाली, आता कसं.

कापून चिकटवलेल्या चौकटीची खूण गळून पडते. कोड मागे तसाच राहतो, चौकट मात्र त्याला विसरते. हे मला तेव्हाही माहीत होतं, टिचके. नवशिक्यांना मीच शिकवायचो, चौकट कापलीत तर खूण पुन्हा करा. दुनियेला शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या घरी विसरलो. एक तारखेला प्रोग्राम चालवला, त्याने चौसष्टपैकी चौसष्ट सांगितलं, आणि माझ्या मनातून ती दुपार पुसून गेली.

चौसष्ट फॉर्मांपैकी माझा हात लागलेला तो एकच. आणि तो तिचा.

समितीपुढे जाण्याआधी मला सात दिवस मिळाले होते. त्या सात दिवसांत मी चौसष्ट पानं दोनदा वाचली. ताई मला म्हणाली होती, एकदा खाली येऊन बघ. मी गेलो नाही. मला वाटलं, गेलो तर माझं मन तिच्या बाजूने झुकेल. निःपक्षपाती राहायचं म्हणून मी जिने उतरलो नाही. यालाच मी अकरा वर्षं माझा प्रामाणिकपणा म्हणत आलो.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि साक्षीदार म्हणून चोरालाच उभं केलं.

सोबत अधीक्षकांच्या नावाने चार पानं आहेत. काय झालं, कुणी केलं, कधी केलं, सगळं लिहून सही केली आहे. मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे, ज्या समितीपुढे म्हणतील तिच्यापुढे. आधीची माझी साक्ष चुकीची होती हे वाक्य पहिल्याच ओळीत घातलंय, शोधावं लागणार नाही.

ताईसाठी वेगळी चिठ्ठी आहे. तिने वाचली नाही तरी चालेल. तू तिला सांग आणि सांगताना तिच्याजवळ बस. मला काही विचारू नकोस, ती काय म्हणाली तेवढं कळव.

मामा


२९ मार्च

मामा,

आज आईला घेऊन इस्पितळात गेले होते. अधीक्षकांनी फाइल उघडली, तुझी पानं लावली, आणि ठरलं की चुकीचा निर्णय मागे घेतल्याचा कागद तिला दोन दिवसांत मिळेल. ते तिला समोर बसवून नीट सांगत होते. तिने मान हलवली आणि म्हणाली, मला तो फॉर्म बघायचाय.

तिला चौकशीच्या मोहोरबंद प्रतीची एक नक्कल लावून दिली. अकरा वर्षांनी ती त्या खुर्चीसारख्याच एका खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि कुणाला न विचारता त्या ट्रकचालकाचा नोंदणी क्रमांक भरला. तो तिला पाठ आहे, मामा. मग एका बोटाने औषधाचं नाव भरलं आणि पुढे गेली. काही झालं नाही. तिने नाव खोडलं आणि पुन्हा भरलं. पुन्हा काही झालं नाही. असं तिने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. अधीक्षक उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मग ती मला म्हणाली, आता जोड. मी चौकटीला खूण केली. तिने नाव भरलं आणि लाल पाटी आली, पडदाभर. ती पाटीकडे बघत राहिली. हात मांडीवर ठेवलेले. बंद करायला तिने हात पुढे केलाच नाही.

"म्हणजे मी बंद केली नव्हती," ती म्हणाली. एवढंच. मग ती रडली. मी तिला कधीच तसं रडताना बघितलेलं नाही, तिला काढलं तेव्हासुद्धा नाही.

तुझी चिठ्ठी तिने घरी आल्यावर वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. ती काय म्हणाली ते मी लिहीत नाही. म्हणते, मी लिहीन, माझ्या हाताने.

टिचकी


२ एप्रिल

धाकट्या,

पोरीने सांगितलं. तुझी चिठ्ठी वाचली, इस्पितळाचा कागदही आला.

तू माझ्याविरुद्ध बोललास याचा मला राग नव्हता. तुला खरं वाटलं ते तू बोललास, लहानपणापासून तुझं तेच. राग याचा होता की मी तुला म्हटलं, एकदा खाली ये, माझ्या खुर्चीत बस आणि एक नाव भरून बघ. आणि तू म्हणालास, "ताई, मी वाचलंय." दोन जिने होते रे फक्त. तो राग अजून आहे. जाईल की नाही मला माहीत नाही, आणि तो जावा म्हणून तू पत्रांवर पत्रं पाठवू नकोस.

अक्षरं मोठी कर असं मीच सांगितलं होतं. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसू नकोस. आपण दोघं त्यात आहोत.

पोरगी म्हणते, आई, आता तू सुटलीस. तिला मी हो म्हटलं. तिने फार केलंय माझ्यासाठी. पण त्या ड्रायव्हरची बायको आहे. तिला इस्पितळाने सांगितलं होतं की खिडकीतल्या बाईने दुर्लक्ष केलं. मागे एकदा ती आपल्या दारापर्यंत आली होती. माझ्याकडे बघितलं आणि गेली. "मी नाही केलं" असं मी तिला म्हणू शकले नाही, कारण तोवर माझीच खात्री उरली नव्हती. कागद मला मिळाला, तिला कुणी पाठवणार नाही. तिचा नवरा कशाने गेला ते तिला कळायला हवं, आणि ते पोस्टाने नको.

पत्ता मी काढलाय. मुलगा मोठा झालाय तिचा, ती त्याच्याकडे असते. कदाचित दार लावून घेईल. कदाचित बोलेल आणि ते आपल्याला ऐकवणार नाही. तरी ऐकायचं.

रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे ये. तिथून चालत जाऊ. बोलायचं तू. मी शेजारी उभी राहीन.

ताई